‘शोषण’ कोणाचे? फुलरीनवरील पाण्याची परिभाषा

शास्त्रीय परिभाषेतील एखादा शब्द सैल असला, तर त्याचा उपद्रव शब्दापुरता राहत नाही. पुराव्याचा अर्थही त्यामुळे बिघडतो. फुलरीनच्या पृष्ठभागावरील पाण्याचा क्ष-किरणांच्या साहाय्याने होणारा अभ्यास मराठीत मांडताना याचा प्रत्यय येतो. तेथे पाण्याचे ‘शोषण’ होते आणि ते पाणी दाखवून देणाऱ्या किरणांचेही ‘शोषण’च होते. वस्तुतः या दोन क्रिया अगदी भिन्न होत.

60 कार्बन-अणूंचा हा पोकळ गोलाकार रेणू 1985 साली उजेडात आला. त्यास चिकटणारे पाणी नाहीसे होत नाही. ते पृष्ठावर पाणी म्हणूनच राहते. किरण मात्र खरोखरच संपतो. त्याची ऊर्जा अणूच्या आतील कवचातला इलेक्ट्रॉन घेतो. कार्बनचे असे शोषण सुमारे 285 इलेक्ट्रॉन-व्होल्टला, तर पाण्यातील ऑक्सिजनचे सुमारे 535 ला सुरू होते. म्हणूनच दोन्ही खुणा परस्परांत मिसळत नाहीत.

तथापि ऑक्सिजनची खूण म्हणजे पृष्ठावरील पाणीच, असे नव्हे. प्रकाशात ऑक्सिजन वायूचाही फुलरीनशी संयोग होतो. शिवाय 2011 साली जपानमध्ये कुरोतोबी व मुराता यांनी पाण्याचा एकच रेणू गोलाच्या पोटात कोंडून दाखविला. अशा एकाकी रेणूस पाण्याचा शेजार नसतो, म्हणून हायड्रोजन-बंधही नसतो. बाहेर साचलेल्या रेणूंत तो असतो. हा भेद वर्णपटाच्या आकारावरून ओळखावयाचा, केवळ उंचीवरून नव्हे. ‘पाणी शोषले गेले’ हे वाक्य या साऱ्या शक्यता एकत्र कालवून टाकते.

‘अ‍ॅडसॉर्प्शन’ ही संज्ञा 1881 साली कायझर यांनी प्रचारात आणली. तिच्यातील लॅटिन धातूचा अर्थ पिणे. संस्कृत ‘शुष्’चा अर्थ सुकणे. ‘अधिशोषण’ हा पर्याय व्युत्पत्तीने शुद्ध खरा. पण मराठी कानास तो ‘अधिक शोषण’ असा भासतो. ‘पृष्ठशोषण’ स्थान अचूक सांगतो, क्रिया मात्र चुकीची. रूढी मोडण्याचा दोष पत्करूनही ‘पृष्ठधारण’ हा शब्द अधिक योग्य ठरतो. कोंडलेल्या रेणूसाठी ‘अंतर्धारण’ म्हणावे आणि ‘शोषण’ किरणांपुरते राखावे. मग कोणते पाणी कोठे आहे, हे न सांगता वाक्य पुरे करणे लेखकास कठीण जाईल. परिभाषेने करावयाचे काम तेच.