घाटातील वाहनाची कार्यक्षमता आणि मापन-उपकरणांची निवड : खोडाळा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मोटारगाडीची कार्यक्षमता मोजून तिच्या इंजिनाची जुळणी सुधारणे हे काम एकेकाळी कारखान्यातील प्रयोगशाळेपुरते मर्यादित होते. आज रोलर असलेला डायनॅमोमीटर मोठ्या शहरांतील खासगी गॅरेजमध्ये आढळतो, तर डॅशबोर्डखालच्या जोडणीत बसणारे छोटे ओबीडी यंत्र आणि मोबाईलमधील प्रवेगमापक सामान्य वाहनधारकाच्या हाती आले आहेत. उपकरणे विपुल झाल्यामुळे साहजिकच कोणते उपकरण घ्यावे, असा प्रश्न पुढे येतो. त्याआधी काय मोजावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातील खोडाळा या गावाच्या संदर्भात या निवडीची चिकित्सा केली आहे.

खोडाळा हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव होय. येथून एक रस्ता मोखाड्याकडे जातो, तर दुसरा विहीगावमार्गे कसाऱ्याकडे उतरतो. कसारा हे मुंबई उपनगरी रेल्वेचे शेवटचे स्थानक असल्याने मजूर, विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारहाटाचा माल या सर्वांची वाट त्या रस्त्यावरून जाते. एस. टी. जेथे वेळेवर पोहोचत नाही तेथे जीप पोहोचते. अशा जीपचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. भाडे ठरलेले असते, डिझेलचा दर त्याच्या हातात नसतो. त्याच्या हाती उरते ते केवळ गाडीच्या प्रकृतीकडे लक्ष देणे.

बोलीतील तीन निकष

या भागातील चालक आणि मिस्त्री गाडीविषयी बोलताना ‘अश्वशक्ती’ हा शब्द क्वचितच वापरतात. ते ‘पिकअप’, ‘ॲव्हरेज’ आणि ‘ओढ’ या तीन शब्दांत बोलतात. वरवर पाहता ही ढोबळ भाषा वाटते. परंतु ती तीन भिन्न भौतिक राशी अचूकपणे वेगळ्या ठेवते. पिकअप म्हणजे प्रवेग, ॲव्हरेज म्हणजे इंधनाच्या प्रमाणात कापलेले अंतर आणि ओढ म्हणजे भार घेऊन चढावर वेग टिकवून धरण्याची क्षमता. बाजारात मिळणारी बहुसंख्य उपकरणे यांपैकी पहिली गोष्ट मोजतात. घाटातील चालकाला मात्र दुसरी आणि तिसरी हवी असते. सदर विसंगती हाच या चिकित्सेचा गाभा आहे.

ओढ म्हणजे नेमके किती, याचा हिशेब अवघड नाही. प्रवासी व मालासह २,४०० किलो वजनाची जीप ६ टक्के चढावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सुमारे ११.८ किलोवॅट, म्हणजे सुमारे १६ अश्वशक्ती खर्च होते. चाकांचा आणि हवेचा रोध वेगळा. आकडा लहान वाटतो, पण तो सलग कित्येक मिनिटे, खालच्या गिअरमध्ये, समोरून पुरेशी हवा मिळत नसताना द्यावा लागतो. काही सेकंदांसाठी मिळणारी कमाल शक्ती आणि हे सततचे ओझे यांत धावण्याच्या शर्यतीतील खेळाडू आणि डोक्यावर मोळी घेऊन घाट चढणारी बाई यांच्याइतका फरक आहे.

उपकरणांची चिकित्सा

मापनाची परंपरा जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या दंडावर ब्रेक आवळून शक्ती मोजण्याची रीत दिली. आजचा डायनॅमोमीटर तिचाच वंशज होय. खोडाळ्यापासून फार दूर नसलेल्या इगतपुरी येथे महिंद्रा कंपनीचा इंजिन-निर्मितीचा कारखाना आहे. इंजिन-कारखान्यात डायनॅमोमीटरला पर्याय नाही, हे मान्यच करावे लागते. तथापि गॅरेजमधील रोलर डायनॅमोमीटर दोन प्रकारचा असतो. जडत्व प्रकारात गाडीची चाके एक जड पिंप वेगाने फिरवतात आणि त्या पिंपाच्या प्रवेगावरून शक्ती काढली जाते. चाचणी काही सेकंदांत आटोपते. एडी करंट प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेकने इंजिनावर स्थिर भार दीर्घकाळ ठेवता येतो. घाटाचे अनुकरण करावयाचे तर दुसराच प्रकार उपयोगी. पहिल्या प्रकारातील छापील आलेख कितीही देखणा असला तरी पाण्याचे तापमान पंधराव्या मिनिटाला कोठे पोहोचते, हे तो सांगत नाही. शिवाय आलेखावरील आकडा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब अशा प्रमाण स्थितीला दुरुस्त केलेला असू शकतो; जर्मन पद्धतीत हीच प्रमाण स्थिती २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल अशी आहे. दुरुस्तीचा पाया न सांगता दिलेले दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणे शास्त्रीय दृष्ट्या निरर्थक ठरते.

प्रवेगमापकाची स्थिती घाटात अधिकच बिकट होते. हे उपकरण गाडीचा प्रवेग आणि गुरुत्वाचा घटक यांत भेद करू शकत नाही. सपाटीवर शून्य जुळवलेले उपकरण ६ टक्के चढावर उभ्या असलेल्या गाडीतही ०.०६ जी एवढा प्रवेग दाखवते. त्यावरून वेग काढीत गेल्यास २० सेकंदांत ताशी सुमारे ४२ किलोमीटरची चूक साठते, आणि गाडी अद्याप जागची हललेलीही नसते! चढावरच शून्य जुळवावे म्हटले तर प्रत्येक वळणावर चढ बदलतो. जीपीएसवर आधारलेले उपकरण या दोषातून सुटते. परंतु सेकंदाला एकदाच स्थान नोंदवणारे यंत्र असेल तर ताशी ३० किलोमीटर वेगाला दोन नोंदींमध्ये ८ मीटरहून अधिक अंतर जाते, आणि कडा व दाट झाडी यांमुळे उपग्रहांचे संदेश अडतात किंवा परावर्तित होऊन येतात. मोकळ्या माळावर चोख असणारे हे उपकरण दरीच्या कुशीत विश्वासार्ह राहत नाही.

ओबीडी यंत्राबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे, कारण ते स्वस्त आहे आणि म्हणून सर्वांत आधी तेच विकत घेतले जाते. भारतात चारचाकी वाहनांसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या जीपला अशी जोडणीच नसते. नव्या गाडीत पाण्याचे तापमान, इंजिनाचे फेरे आणि दोषांचे संकेतांक वाचण्यासाठी हे यंत्र निःसंशय उत्तम आहे. कूलंट तापत असल्याची आकड्यांतील पूर्वसूचना घाटात मोलाची ठरते. परंतु मोबाईलच्या पडद्यावर तेच यंत्र जे ॲव्हरेज दाखवते त्याचे काय? अनेक ॲप इंजिनात शिरणारी हवा मोजून तिला १४.७ ने भागतात आणि इंधन काढतात. हे प्रमाण पेट्रोल इंजिनाचे. डिझेल इंजिन नेहमीच त्याहून अधिक हवेवर चालते आणि तेही भारानुसार बदलत्या प्रमाणात. परिणामी उताराला, जेथे डिझेल जवळजवळ जळतच नाही, तेथे असे ॲप भरपूर इंधन खर्ची टाकते.

पीयूसी केंद्रावरील धूरमापक हेही एक मापन-उपकरणच आहे, याचा विसर पडतो. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी ६५ हार्ट्रिज एकक ही मर्यादा आहे, तर भारत स्टेज चारसाठी ती ५० आहे. ही चाचणी गाडी उभी ठेवून, भाराविना, ॲक्सिलरेटर झटकन दाबून होते. त्यामुळे तिच्यात उत्तीर्ण झालेली जीप घाटात काळा धूर मारणार नाही, असे म्हणता येत नाही. मात्र जुळणीच्या आधी आणि नंतर त्याच केंद्रावर घेतलेल्या दोन नोंदी मिस्त्रीच्या हातावर चांगला अंकुश ठेवतात. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवले की पिकअप लगेच जाणवते. न जळलेले डिझेल नळकांड्यातून बाहेर पडते आणि मालक समाधानाने घरी जातो. प्रवेगमापक या जुळणीला शाबासकी देईल, धूरमापक देणार नाही. नव्या गाड्यांत रेल प्रेशरचा संकेत फसवून अधिक इंधन सोडवणाऱ्या पेट्या विकल्या जातात. त्यांची जातकुळी हीच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे उचलून धरले, ही बाब विक्रेते सांगत नाहीत.

कंपनीने जाहीर केलेल्या ॲव्हरेजचा आधार घ्यावा, असेही सुचवले जाते. तो आकडा बराच काळ ज्या सुधारित भारतीय चालनचक्रावर काढला गेला ते १,१८० सेकंदांचे असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे. प्रयोगशाळेतील त्या रस्त्याला चढ नाही. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो आकडा योग्य; विहीगावच्या चढाला तो गैरलागू.

पर्यायी निवड

वस्तुतः एस. टी. महामंडळाने हा प्रश्न फार पूर्वी साधेपणाने सोडवला आहे. तेथे दर १० लिटरमागे किलोमीटर, म्हणजेच केपीटीएल, हा निकष वापरला जातो. जीपमालकालाही तोच पुरेसा आहे; अट एवढीच की टाकी दोन्ही वेळा एकाच पंपावर, एकाच उतारावर उभे राहून, काठोकाठ भरावी आणि फेरी जेथून निघाली तेथेच संपवावी, म्हणजे चढ-उताराची उंची जमा-वजा होते. भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक पडला तर ५ लिटरच्या चाचणीत १० टक्के चूक होते, ४० लिटरच्या चाचणीत सव्वा टक्का. म्हणून एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

ओढ मोजण्यासाठी घड्याळ पुरते. घाटातील दोन ठळक खुणा निवडून त्यांच्या उंचीतील फरक नकाशावरून घ्यावा. वर घेतलेल्या उदाहरणात १०० मीटर उंची गाठण्यास सुमारे १,६७० मीटर रस्ता आणि २०० सेकंद लागतात. जुळणीनंतर तोच भार, तोच गिअर आणि तोच रस्ता असताना १९० सेकंद लागले, तर उचलण्याच्या शक्तीत सुमारे ५ टक्के वाढ झाली. यात कोणतेही अनुमान लपलेले नाही, दुरुस्तीचा गुणकही नाही. भार मात्र प्रवाशांचा न घेता वाळूच्या पोत्यांचा घ्यावा, आणि तोही वाहनाच्या परवान्यातील मर्यादेत.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो : ती रोग सांगते, कारण सांगत नाही. तो रास्त आहे. सेकंद वाढले, पण दोष नोझलचा, टर्बोचा की क्लचचा, हे घड्याळ सांगणार नाही. तेथे ओबीडी यंत्र किंवा डायनॅमोमीटर यांची पाळी येते. परंतु मग शहरात जाणारा मालक हातात आकडे घेऊन जातो आणि गॅरेजकडे एडी करंट यंत्रावर अमुक फेऱ्यांना, अमुक मिनिटे भार ठेवण्याची नेमकी मागणी करू शकतो. त्यासाठी नोंदवहीत तारीख, लिटर, किलोमीटर, सेकंद, भार आणि हवामान असे सहा रकाने असावेत. हवामानाचा रकाना या पट्ट्यात ऐच्छिक नाही : मे महिन्यातील कोरड्या डांबरावरची नोंद आणि जुलैच्या मुसळधार पावसात, चिखल व खड्ड्यांतून घेतलेली नोंद एकाच सरासरीत मिसळली, तर जुळणीचा परिणाम कोणता आणि पावसाचा कोणता, हे वेगळे काढता येणार नाही.