मिंगसची अर्धी तबकडी

१९७९ साली बासवादक चार्ल्स मिंगसची रक्षा गंगेत सोडली. आपल्याकडे त्याची आठवण बहुधा तेवढीच. खरं तर मागं उभं राहून ताल धरणारं डबल बास वाजवत त्यानं अख्खा बँड चालवला. १९५७ साली अर्कान्सासचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं. त्यावर मिंगसनं ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचलं. कोलंबियाच्या १९५९ च्या तबकडीत त्याचे शब्दच नाहीत. १९६० मध्ये कँडिडसाठी ते शब्दांसह मुद्रित झालं. पहिलं सुबक, पण टोमणा अर्धाच पोचतो. दुसऱ्यात मिंगस आणि ड्रमर डॅनी रिचमंड तोंडावर जाब विचारतात. माझ्या मते तेच अस्सल. इतिहासवाल्यांनो, एकाच तबकडीला पुरी साक्ष समजू नका.