मौनामागची आई : जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांसंबंधी

तलासरी तालुक्यातील धामणगावी 1934 मध्ये जन्मलेले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे सुमारे सात वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली. त्यानंतर त्यांनी बोलणे सोडले व ते मातीत चित्रे रेखून व्यक्त होऊ लागले, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात आढळते. या कथनातील मौनाची चर्चा पुष्कळ झाली. आई मात्र निमित्तमात्र उरली. वस्तुतः लग्नचौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवी, म्हणजे सृजनाची माता, त्याच लिहीत. आईवेगळ्या मुलाने स्त्रियांची ही लिपी आत्मसात केली व 1970 च्या दशकात ती भिंतीवरून कागदावर आणली, हे परंपरेचे लहानसहान उल्लंघन नव्हे. डहाणूतील गंजाडच्या या कलावंताला लाभलेला 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार व 2011 ची पद्मश्री नोंदवून (समीक्षा बहुधा तेथेच थांबते) ही लिपी कोणाची, हा प्रश्न मागे राहतो. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रात असंख्य बारीक रेषांनी अवकाश विणला जातो. त्या विणीला शोकाचा पुरावा मानणे घाईचे ठरेल. परंतु तिच्यातील बायकी हाताचा वारसा नाकारता येत नाही.