‘फरक आढळला नाही’ : रुग्णकथित फलिते आणि प्रश्नावलीची भाषा

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील उपचारांची पारख करताना आयुर्मानाबरोबर लघवीवरील ताबा, शौचाच्या तक्रारी आणि कामजीवन यांचाही विचार करावा लागतो. या गोष्टी रुग्णाने सांगितल्याखेरीज पुरत्या कळत नाहीत. म्हणून त्यांसाठी प्रश्नावल्या वापरतात. अशा वृत्तान्तांशी भाषाभ्यासकाचा संबंध काय, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ‘पॉप-आरटी’ या चाचणीवरून दिसेल.

तीत अधिक जोखमीच्या २२४ रुग्णांपैकी काहींना केवळ ग्रंथीवर, तर काहींना संपूर्ण श्रोणिभागावर किरणोपचार देण्यात आले. २०२० च्या वृत्तान्तानुसार, चिकित्सकांनी नोंदलेले मूत्रसंस्थेचे मध्यम वा अधिक तीव्र उत्तरकालीन त्रास पहिल्या गटात ७.५ टक्के, तर दुसऱ्यात १७.७ टक्के होते. परंतु क्यूएलक्यू-सी३० व पीआर२५ या युरोपीय प्रश्नावल्यांतून जीवनमानात फरक आढळला नाही. या ‘नाही’चे दोन अर्थ संभवतात : त्रासाने दिनक्रम बिघडला नाही, किंवा प्रश्नाच्या शब्दांत तो त्रास मावला नाही. केवळ गुणांकांवरून यांपैकी कोणता अर्थ खरा, हे ठरविता येत नाही.

या प्रश्नावल्यांत बहुतेक उत्तरांच्या चार पायऱ्या असतात. मराठीत त्या ‘अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप’ अशा मांडल्या, तर तिसरी पायरी चौथीहून निश्चितपणे खालची आहे, असे कोणत्या वक्त्याने मानावे? शिवाय प्रश्न वाचून दाखविला, तर ‘बरेच’मध्ये ‘बरे’ ऐकू येते! मापनाच्या चार पायऱ्या समान अंतरावर आहेत, हे गृहीतक अशा जागी डळमळते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीचा वृत्तान्त या दृष्टीने अधिक विश्वसनीय वाटतो. रुग्णांच्या उत्तरांना तेथे स्वतंत्र निबंध मिळाला. आणि सहा महिन्यांनंतर पॅड वापरणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ४६ टक्के, किरणोपचाराच्या गटात ५ टक्के, असे मोजता येण्याजोग्या कृतीच्या भाषेत सांगितले गेले. अर्थात ही कृतीही सार्वत्रिक नव्हे. लाखनीजवळच्या एखाद्या खेड्यातील वृद्ध धोतराच्या आत जुन्या कापडाची घडी ठेवीत असेल, तर ‘पॅड वापरता का?’ या प्रश्नाला तो सरळ ‘नाही’ म्हणेल आणि कोष्टकात निरोगी ठरेल. तो झाडीबोली बोलणारा असला आणि प्रश्न पुस्तकी मराठीत असला, तर अंतर आणखी वाढते.

पीआर२५ मधील कामजीवनाचे काही प्रश्न तर अलीकडे संबंध आलेल्यांनीच सोडवावयाचे असतात. उपचाराने ज्यांचे ते जीवन संपुष्टात आले, तेच तेथे गाळले जातात. म्हणून प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी उत्तर दिले, ही संख्या छापलीच पाहिजे.

२०१३ च्या ‘कन्सॉर्ट-प्रो’ या नियमावलीत साधनाची वैधता, प्रश्नावली कोणी व कोणत्या पद्धतीने भरली, गहाळ उत्तरांचे काय केले, हे सारे मागितले आहे. भाषेची स्वतंत्र मागणी मात्र तीत नाही. भारतीय चाचण्यांनी ती आपणहून पुरी करावी : वापरलेला मराठी पाठ, किती जणांना तो वाचून दाखविला, आणि अडलेल्या शब्दाला वाचणाऱ्याने कोणता पर्याय दिला, एवढे परिशिष्टात यावे. एका पानाचे काम आहे.