हेन्री कझिन्स आणि लोणारचें दैत्यसूदनमंदिर

वऱ्हाडांतील जुन्या देवळांविषयीं लिहूं लागलें कीं हेन्री कझिन्स यांचें नांव टाळतां येत नाहीं. बर्जेस यांच्या हाताखालीं १८८१ सालीं पुराणवस्तुखात्यांत दाखल झालेले हे गृहस्थ १९१० सालीं निवृत्त झाले. मध्यप्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची त्यांची यादी १८९७ सालीं प्रसिद्ध झाली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ मात्र निवृत्तीनंतर एकवीस वर्षांनीं, १९३१ सालीं निघाला.

यादी हें काम रूक्ष खरें. पण जें टिपलें नाहीं तें जपलें जाणार कसें? जीर्णोद्धारापेक्षां जतन श्रेष्ठ मानणारे जर्मन पंडित गेओर्ग डेहिओ यांनीं आपल्या देशांतील कलावास्तूंची पांच भागांची मार्गदर्शिका १९०५ सालीं काढण्यास प्रारंभ केला. कझिन्स यांची यादी तीहून आठ वर्षें आधींची, आणि १९०४ च्या स्मारकसंरक्षण-कायद्याच्याही आधींची आहे. हें श्रेय त्यांस निःसंकोच द्यावें.

चुन्यावांचून रचलेलें काळ्या दगडाचें देऊळ दिसलें कीं आपण त्यास हेमाडपंती म्हणून मोकळे होतों. आम्हींही वर्गांत पुष्कळ वर्षें हेंच शिकविलें; प्रस्तुत लेख त्याचें प्रायश्चित्त समजावा. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादवांचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, मंत्री. अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. तें देऊळ याच ग्रंथांत आहे, आणि हेमाद्रीहून दोनशें वर्षांनीं वडील आहे. बापाचें नांव नातवावरून ठेवण्याचा हा प्रकार होय.

लोणारचें दैत्यसूदनमंदिरही सर्रास हेमाडपंती म्हटलें जातें. त्याचा ताराकृति तलविन्यास, खांब व शिल्पपट पाहतांना कझिन्स यांच्यासारख्या मोजणाराचा उपयोग पदोपदीं कळतो. परंतु त्यांच्या पद्धतींत दगड प्रथम आणि पोथी मागाहून. हा आमचा मुख्य आक्षेप आहे. विष्णूनें लवणासुरास मारलें, म्हणून तो दैत्यसूदन, अशी स्थानिक कथा आहे. आतां कुंभकारापासून कुंभार, सुवर्णकारापासून सोनार, तसें लवणकारापासून लोणार हें प्राकृताच्या नियमास धरून आहे. येथील द्रव्यें कांच व साबण करण्यास उपयोगी असल्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरींत आहे. तेव्हां खारट सरोवर व मीठ काढणारे लोक आधींचे, असुर मागाहूनचा, असा आमचा तर्क आहे. मग मंदिरास हें नांव बांधणारानें दिलें कीं कथेनें? दगड मोजून हें ठरणार नाहीं.

ज्या वाचकांच्या संग्रहीं लोणारक्षेत्राच्या माहात्म्याची पोथी असेल त्यांनीं तिची पुष्पिका पाहावी, आणि शक, लेखकाचें नांव व देवतेचें नांव जसेंच्या तसें उतरून मंडळाकडे धाडावें. पान फाटकें असलें तरी चालेल.