खेळांची पाठशुद्धी

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढावयाची झाली म्हणजे जाणत्या संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कागदाचा किंवा छपाईचा नव्हे, तो पाठाचा. कागद चांगला मिळाला, टाइप सुबक मिळाला, म्हणून ग्रंथ शुद्ध होत नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांचे मोठेपण त्यांनी काय घातले यात नव्हते. काय घालू नये हे त्यांनी ओळखले यात होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस हात घातला आणि १९६६ साली ते काम पुरे केले. एवढ्या दीर्घ श्रमांचे सूत्रही तेच होते. हाच पाठाचा प्रश्न आज एका अनपेक्षित स्थळी उपस्थित झाला आहे. ते स्थळ म्हणजे जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर खेळू पाहणाऱ्यांचा दिवाणखाना होय.

१९९० नंतरच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांस दूरदर्शन संचाला जोडावयाचे ते खेळयंत्र आणि त्यात बसवावयाच्या ‘कॅसेटी’ आठवत असतील. मुंबई-पुण्यापासून शिरूर अनंतपाळसारख्या लातूर जिल्ह्यातील गावांपर्यंतच्या मुलांची ती पिढी आता चाळिशीच्या आसपास आली आहे. ती यंत्रे मोडली, कॅसेटींच्या पट्ट्या गंजल्या. खेळ मात्र मनात राहिले. त्यांना पुन्हा जिवंत करण्याचे साधन म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, एकाच पाटीवर मावणारा संगणक. केंब्रिजच्या मंडळींनी मुलांस संगणकविद्या शिकविण्यासाठी तो २०१२ साली विक्रीस काढला. मुलांच्या वडिलांनी त्यावर आपले बालपण चालविले. ज्यांनी २०१६ सालची तिसरी पाटी घेतली होती, ते आता २०२३ सालची पाचवी पाटी घेऊ लागले आहेत. या बदलाचा विचार बहुधा वेगाच्या हिशेबाने होतो. आमच्या मते तो निष्ठेच्या हिशेबाने झाला पाहिजे.

येथे सामान्य वाचकास एक शंका येईल. मूळ जपानी फॅमिकॉम यंत्राचा प्रोसेसर सेकंदास अठरा लक्षांहून थोडे कमी ठोके देई आणि त्याची चालू स्मृती दोन किलोबाइट होती. तिसऱ्या पाटीचे ठोके सेकंदास १२० कोटी आहेत, पाचवीचे २४० कोटी. अठरा लक्षांच्या कामास १२० कोटी पुरत नाहीत काय? पुरतात, पण केवळ खेळ चालण्यापुरते. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणारी आज्ञावली. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाच्या बाबतीत पैशाच्या जागी वेळ हा शब्द घालावा. मूळ यंत्रात प्रोसेसर, चित्र काढणारी चकती आणि आवाज काढणारा भाग हे तिघे एकाच वेळी आपापले काम करीत. सोंग घेणाऱ्यास त्या तिघांची भूमिका एकट्याने वठवावी लागते, आणि क्षणोक्षणी कोण कोठे पोहोचला याचा मेळ राखावा लागतो. मेळ सैल ठेवला तर काम हलके होते, घट्ट ठेवला तर जड होते. सुपर फॅमिकॉमच्या बीएसनेस या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ साली असे दाखवून दिले की, साडेतीन मेगाहर्ट्झच्या त्या यंत्राचे संपूर्ण प्रामाणिक अनुकरण करावयाचे तर तीन गिगाहर्ट्झच्या घरातला प्रोसेसर हवा. तात्पर्य, नव्या पाटीची अधिक शक्ती जुन्या खेळाला धावविण्यासाठी लागत नाही. त्याला त्याच्याच चालीने चालू देण्यासाठी लागते.

आणि ती चाल हा कृतीचाच भाग असतो. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. त्यात शत्रूंची रांग जसजशी विरळ होते तसतशी तिची गती वाढते, आणि शेवटचा शत्रू जिवाच्या आकांताने धावतो. खेळणाऱ्याचा ऊर धडधडतो तो याच वेळी. ही युक्ती मुळात योजलेली नव्हती. यंत्र दुबळे होते. शत्रू कमी झाले की उरलेल्यांस हलविण्याचे काम लवकर आटोपे. रचनाकाराने तो परिणाम पाहिला आणि ठेवला. येथे यंत्राची उणीव हीच कलेची सामग्री झाली. वृत्ताच्या बंधनातून कवीस जे मिळते, त्याहून हे काही वेगळे नव्हे. हे बंधन नव्या यंत्राच्या जोरावर सोडवून दिले तर खेळ सुधारणार नाही, त्याचा प्राण जाईल.

पडद्याचीही गोष्ट अशीच आहे. जुने चित्रकार काचेच्या नळीच्या पडद्यासाठी चित्रे काढीत. त्या पडद्यावर शेजारचे ठिपके एकमेकांत विरघळत. सेगाच्या १९९१ सालच्या ‘सॉनिक’मधील धबधबा उभ्या रेघांचा आहे, जुन्या पडद्यावर त्या रेघा मिसळून पाणी पारदर्शक भासे, आजच्या सपाट पडद्यावर त्याच रेघा गजांसारख्या उभ्या राहतात. अधिक स्पष्ट दिसणे म्हणजे अधिक खरे दिसणे नव्हे. त्या नळीचा परिणाम गणिताने पुन्हा उभा करता येतो, पण त्याचे तपशीलवार अनुकरण तिसऱ्या पाटीस झेपत नसे, हलक्या नकलेवर भागवावे लागे. पाचवी पाटी ते पेलते. नव्या यंत्राची खरी थोरवी आम्हांस येथे दिसते.

परंतु तीच शक्ती मोहातही पाडते. ठिपक्यांचे कोपरे घासून चित्र गुळगुळीत करणे, चौकोनी खेळ ताणून रुंद पडदा भरणे, चूक झाली की काळ मागे फिरविणे, अशा सोयी एका बटणावर हजर असतात. एक सोय तर अशी आहे की, यंत्र पुढची चित्रे गुपचूप आधीच काढून पाहते आणि मूळ खेळात बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत जो स्वाभाविक विलंब होता तोही गिळून टाकते. नव्या सपाट पडद्यांनी जो विलंब वाढविला त्याची भरपाई करण्यापुरती ही सोय योग्यच आहे. त्यापुढे गेली की तो प्रक्षेप होतो. संपादकाने पुसट अक्षर उजळावे, नवी ओवी रचू नये.

नवी पाटी सर्वच बाबतींत वरचढ आहे असेही नव्हे. तिसऱ्या पाटीवर ध्वनीच्या भोकातूनच जुन्या दूरदर्शन संचास चित्र देता येई. पाचवीवर ते भोकच नाही. जुन्या पद्धतीचे चित्र हवे असल्यास पाटीवरच्या ठिकाणी तारा डाखाव्या लागतात. ज्याच्या घरी अजून काचेच्या नळीचा संच चालू आहे, त्याने अस्सल पडदा टाकून त्याच्या नकलेसाठी नवी पाटी घ्यावी, हा व्यवहार उफराटा ठरेल. उलट, वीज अकस्मात जाणे ज्या गावांच्या अंगवळणी पडले आहे, तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिहिणे चालू असता वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. पाचव्या पाटीवर यंत्र रीतसर बंद करण्याचे बटण आहे आणि कार्डाऐवजी अधिक भरवशाची साठवण जोडण्याची सोयही आहे. मात्र जाणारी वीज बटणाची वाट पाहत नाही. म्हणून सर्व साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र असणे हाच खरा उपाय. प्रत करताना हाही विवेक हवा की, खेळाने स्वतः लिहिलेली नोंद नव्या यंत्रावर बहुधा जशीच्या तशी चालते. एम्युलेटरने मध्येच गोठवून ठेवलेला क्षण मात्र त्या एम्युलेटरच्या त्या आवृत्तीशी बांधलेला असतो, आणि यंत्रांतरात पुष्कळदा निकामी होतो.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. निष्ठा राखावयाची ती कोणत्या पाठाशी? आमच्याकडील मुलांनी मूळ जपानी यंत्र क्वचितच पाहिले. त्यांच्या हाती आल्या त्या नकला, आणि ‘९९९९ खेळ एकत्र’ अशी बढाई मारून मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा दाखविणाऱ्या कॅसेटी. शिवाय जपान-अमेरिकेची चित्रे सेकंदास साठ, आणि आपल्या पाल पद्धतीच्या दूरदर्शनाची पन्नास. पन्नासांच्या मापाने बनलेल्या नकली यंत्रांवर खेळाची चाल एक षष्ठांशाने मंदावे. पाच मिनिटांच्या धावेस सहा मिनिटे लागत. सुरांची पट्टी जवळजवळ तीच राही, लय मात्र संथ होई. म्हणून आज शुद्ध जपानी पाठ लावताच ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ पूर्वीपेक्षा अवखळ वाटला, तर दोष वयाचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. काही एम्युलेटरांत या नकलांची चाल निवडण्याची सोयही असते, आणि रशियातील ‘डेंडी’ या प्रसिद्ध नकलेचे नाव तिला मिळाले आहे. आमचे मत असे की, कर्त्याचा पाठ मुख्य मजकुरात ठेवावा आणि आपल्या गावचा पाठभेद तळटीपेसारखा शेजारी जपावा. पाठभेद म्हणजे अपभ्रंश नव्हे; कृती कोणत्या वाटेने कोणापर्यंत पोहोचली याचा तो पुरावा असतो.

हा पुरावा जपणार कोण? ग्रंथांच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांस पाठविण्याचा आपला कायदा १९५४ चा आहे. त्यात ग्रंथ आणि वृत्तपत्रे येतात, खेळ येत नाहीत. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले. खेळांवर त्यांच्या मालकांचा हक्क आहे आणि तो पाळला पाहिजे, यात वाद नाही. परंतु जो खेळ मालक विकत नाही आणि ग्रंथालय ठेवीत नाही, त्याचे रक्षण व्यवहारतः घरोघरच्या या लहान पाट्यांवर येऊन पडले आहे.

म्हणून नवी पाटी घ्यावी की नाही, यावर आमचे उत्तर सशर्त आहे. चित्र चकचकीत व्हावे एवढाच हेतू असेल तर जुनी पाटी पुरे आहे. तिच्यावर मारिओ उडी मारतोच. पण मूळ चाल, मूळ पडदा आणि आपला पन्नासांचा पाठभेद ही तिन्ही मुलांस दाखवावयाची असतील, तर नव्या पाटीवरील खर्च सार्थकी लागेल. बाप लहानपणी हे खेळला, एवढे सांगून मुलाच्या हाती कसलीही प्रत देणे सोपे आहे. तो काय खेळला, हे प्रामाणिकपणे दाखविणे हे संपादकाचे काम आहे, आणि ते काम आता घरच्या माणसांनाच करावयाचे आहे.