मालकीविना भूमी : बाणाई आणि पाबूजी यांच्या कथनांतील चराऊ रान

पशुपालक समाजांच्या मौखिक कथनांचा विचार करताना समीक्षेची मदार प्रामुख्याने भक्ती आणि वीरवृत्ती या दोन कल्पनांवर राहिली. परिणामी कथनातील भूमी केवळ पार्श्वभूमी ठरली. दख्खनच्या पठारावरील धनगरांची खंडोबा-बाणाईची कथा आणि मारवाडातील पाबूजीची गाथा एकत्र वाचल्यास मात्र चराऊ रानावरील हक्काचा प्रश्न दोहोंच्या मुळाशी असल्याचे दिसते.

खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा लिंगायत वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. या दुहेरी विवाहात गुंथर सोंथायमर यांना स्थिर वस्ती आणि रान यांचा संबंध दिसला. त्याला व्यवहाराचाही आधार आहे. पावसाळा सरल्यावर कळप कोकणाकडे उतरतात. वाटेतील शेतकरी शेतात मेंढ्या बसवून घेतो आणि खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे देतो. जमीन एकाची असते, तिच्यावर जगतात दोघे. कथेने या देवघेवीला सोयरिकीचे रूप दिले.

पाबूजीच्या गाथेत हेच नाते वचनाचे होते. देवल चारणीने केसर काळमी घोडी दिली ती गुरांच्या रक्षणाच्या अटीवर. म्हणून पाबूजी स्वतःचा विवाहविधी अर्धवट सोडून निघतो. ही गाथा ज्या फडासमोर गायिली जाते, तो चित्रपटही गुंडाळून गावोगाव नेता येतो. पाऊस कोठे पडेल याची शाश्वती नसलेल्या प्रदेशात हलते राहणे हीच तगण्याची रीत होय, आणि कथनाचे माध्यमही तीच रीत पाळते.

वसाहतकालीन महसूलव्यवस्थेने अशा रानाला ‘पडीक’ ठरविले. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची, म्हणजे देवरानांची, पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. संरक्षणाच्या या परिभाषेत कळपाच्या वाटेला जागा कोठे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला आहे.

तथापि या कथनांत समतेचा आदर्श शोधणे भाबडेपणाचे ठरेल. जेजुरीत म्हाळसा खंडोबासह गडावरील मुख्य मंदिरात आहे, तर बाणाईचे देऊळ चढणीच्या वाटेवर आहे. पशुपालकाशी नाते जोडले जाते, पण त्याचे स्थान अर्ध्या वाटेवरच राहते. कथनाने जपलेला हा ताण नजरेआड करून केवळ सामंजस्याचे गोडवे गाणारे तुलनात्मक वाचन अपुरेच राहील.